चिठ्ठीनंतरचा चहा

रंगराव चोपड्यांच्या रक्तात साखर सापडली ती ऐन कापसाच्या हंगामात, आणि तीही अंगठ्यामुळे. वाळक्या बोंडाची नखी अंगठ्यात घुसली होती. असल्या नख्या गेली सव्वीस वर्षं त्यांच्या हातात घुसत होत्या आणि दोन दिवसांत जखम भरून येत होती. ही मात्र तीन आठवडे झाले तरी भरेना, तेव्हा कोकिळाबाईंनी त्यांना नांदुऱ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. 'नेलं' हा शब्द रंगरावांना मान्य नव्हता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते स्वतःहून गेले होते आणि बायको नुसती सोबत होती.

डॉक्टरांनी अंगठा पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि रक्त तपासायला लावलं. उपाशीपोटी दोनशे चौदा, जेवल्यावर तीनशे अठरा. रंगराव सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. समोर आकडा आला की तो कोणत्या प्रतीत बसतो हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"म्हंजे कोन्या ग्रेडमधी जाते हे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर वयानं लहान होते, पण शेतकऱ्याच्या घरचे होते. "वापस नाई करत तुमाले," ते म्हणाले, "पन कटती लागते. दिवसाचे चहा किती होतात?"

"असे चार-पाच."

कोकिळाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टरांनी कोकिळाबाईंकडे पाहिलं.

"केंद्रावरचे धरून?"

केंद्रावरचे धरायचे असतात हे रंगरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी काल चहा आणलेल्या गाड्या मनातल्या मनात मोजल्या आणि आवाज जरा खाली आणून अठरा हा आकडा सांगितला. डॉक्टरांनी कागदावर गुणाकार केला, कागद रंगरावांकडे फिरवला, आणि मग मघाची गंमत बाजूला ठेवून बोलले. साखर अशीच राहिली तर नसा मरतात. आधी पायाच्या बोटांतलं समजेनासं होतं, मग हाताच्या. "सुई टोचली तरी पत्ता लागत नाई," ते म्हणाले. "पायाले काही होते का आताच?"

रंगराव नाही म्हणाले. डावा पाय दिवाळीपासून अधूनमधून बधिर होत होता, पण त्यांनी नाही म्हटलं आणि आपले दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवले.

त्या हातांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ग्रेडरचं काम लांबून फार सोपं दिसतं. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतली मूठ बाहेर काढायची, त्यातली एक बट दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा ओढायची. सगळे तंतू एका रेषेत आले की धाग्याची लांबी बोटांना कळते. रंगरावांना ती मिलिमीटरच्या हिशेबात कळायची. ओलावा तर मूठ बाहेर यायच्या आधीच कळायचा. केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र होतं आणि नियम होता म्हणून रंगराव ते खुपसतही असत, पण सव्वीस वर्षांत यंत्राचं आणि त्यांचं फक्त दोनदा जमलं नव्हतं आणि दोन्ही वेळा यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. बीटी बियाणं येण्याआधी ते मुठीवरून वाण सांगत, कधीकधी गावही सांगत. मग बीटी आली, साऱ्या शिवारात एकाच चेहऱ्याचा कापूस उभा राहिला, पाकिटांवरची नावं तेवढी दरसाल बदलत राहिली, आणि गाव ओळखायची कला फुकट गेली. धाग्याची मात्र शिल्लक होती. पंचावन्न वर्षांच्या माणसाजवळ अभिमान धरायला दुसरं काही नव्हतं, आणि ते त्यांना कधी कमीही वाटलं नव्हतं.

त्यामुळे घरी परतताना त्यांनी ठरवलं की हात वाचवायचे. गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायची, भात सोडायचा, आणि चहा बंद. शेवटची गोष्ट त्यांना सगळ्यात सोपी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी ते वडनेर भोलजीच्या केंद्रावर पोचले तेव्हा गाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकातून निघून हमरस्त्याला लागली होती. ते सालच वाईट होतं. परतीच्या पावसानं वेचणीवर आलेला कापूस झाडावरच भिजवला होता, जो वाचला त्यात बोंडअळीनं घर केलं होतं, आणि खासगी व्यापारी हमीभावाच्या कितीतरी खाली बोलत होते. म्हणून जो तो सरकारी केंद्राकडे धावत होता. दोन-दोन रात्री रांगेत काढलेली माणसं ट्रॉलीखालून उठून तोंडं धूत होती.

पहिल्या गाडीवाल्यानं रिवाजाप्रमाणे कलीमभाईच्या टपरीवरून चहा आणून पुढे केला.

"नको," रंगराव म्हणाले. "आज राहू द्या."

माणसाचा चेहरा उतरला. रंगरावांनी ढिगात हात घातला. कापूस चिंब होता. यंत्रानं सोळा टक्के ओलावा दाखवला, बाराच्या वर घ्यायची सोय नव्हती, गाडी परत गेली. दुसऱ्यानं चहा आणला, त्यालाही नको म्हणून सांगितलं, आणि नेमका त्याच्या ढिगात तळाशी सगळा कवडी कापूस निघाला, अळीनं खाऊन पिवळा पडलेला. तोही परत. तिसऱ्याचा माल उत्तम होता आणि तो पास झाला, पण तोवर रांगेत कोणी मालाकडे पाहत नव्हतं. सगळे चहाच्या पेल्याकडे पाहत होते.

दुपारपर्यंत एक निरोप चाळीस गावांच्या मोबाईलवर जाऊन पोचला. लिहिणारे भाऊराव होते. कापूसवाल्यांच्या ग्रुपचे ते चालक, आणि गावात काही घडायच्या आधी कळवायची त्यांना सवय होती. निरोप असा: 'महत्त्वाचे. वडनेर केंद्रावर ग्रेडर साहेबांनी चहा बंद केला आहे. वरून आदेश दिसतो. ज्यांचा माल घरी आहे त्यांनी घरीच ठेवावा.'

संध्याकाळी रांग निम्मी झाली. रंगरावांना वाटलं, लोकांची कामं आज लवकर आटोपली. फाटकाशी त्यांना निवृत्ती भेटले. सत्तरीतले, धोतरातले, दरसाल येणारे. सकाळी त्यांची बैलगाडी रांगेत मागे उभी होती आणि रंगरावांनी लांबूनच तो कापूस हेरून ठेवला होता. त्या पावसाच्या सालात असा पांढरा, फुललेला माल दुसरा आला नव्हता. आता गाडी रिकामी होती.

"माल कुठी गेला, बाबा?"

"देल्ला व्यापाऱ्याले," निवृत्ती म्हणाले. "तुमी चहाच सोडला म्हनल्यावर मंग थांबून काय करता?" आणि बैलांना हाक देऊन ते निघून गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर रंगरावांना घरी गेल्यावर जेवण गेलं असतं.

ते तसेच कलीमभाईच्या टपरीवर जाऊन बसले. कलीमभाई त्या फाटकाशी त्यांच्याइतकीच वर्षं होते. एवढ्या वर्षांत त्यांनी रंगरावांना चहाशिवाय बसलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे तेही भांडं हातात धरून उभे राहिले.

"कलीमभाई, माह्या चहाचा आन मालाचा काय संबंध हाये?"

"गंमत करून राह्यले का, भाऊ?" कलीमभाईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि भांडं खाली ठेवलं. "तुमाले खरंच मालूम नाई? तुमी चहा पेला का माल पास. अर्धा ठेवला का कटती, भाव खाली. नाई म्हटलं का गाडी वापस. पूरी चाळीस गावं जानतात. नवीन मानूस रांगेत आला तं जुना त्याले पयले हेच सांगते."

"मी चहा पाहून माल पास करतो?" रंगरावांचा आवाज चढला. "सव्वीस वर्सात चहाच्या वर कोनाचं काही घेतलं नाई मी."

"हाव, तेच तं. तुमी गाडी आत येतानाच लांबून माल पाह्यता. खराब दिसला का त्याचा चहा घेत नाई. ज्याले वापस लावाचं त्याचा चहा कसा प्याचा, असं तुमच्या मनात येत असन. लोकाईनं ते हेरलं. तुमी माल पाह्यता, ते तुमाले पाह्यतात."

कलीमभाई म्हणत होते ते खरं होतं. ज्याला नाकारायचं त्याच्या हातचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. त्यांना ते साधं सौजन्य वाटायचं आणि कोणाच्या लक्षात येत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. खरं दुःख वेगळंच होतं. दिवसाचे अठरा चहा, ते प्रेमाचे म्हणून पीत आले होते. चाळीस गावं आपल्याला ओळखतात, आपण दिसलो की धावत चहा आणतात, हे त्यांनी किती पाहुण्यांना सांगितलं असेल. घरी जाऊन त्यांनी कोकिळाबाईंना यातलं काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाले की पाय दुखून राहिले.

पण निवृत्तींची रिकामी गाडी डोळ्यांपुढून हलेना. आपल्या साखरेपायी कोणाचा माल मातीमोल जावा हे त्यांना सोसणारं नव्हतं. चहा प्यावा तर बोटं जातात, सोडावा तर लोक जातात. तेव्हा कलीमभाईंनी तोड काढली: साहेबांसाठी बिनसाखरेचा चहा वेगळ्या किटलीत. ओळखायला किटलीच्या कडीला लाल दोरा बांधला.

ही तोड दीड दिवस चालली. फिका चहा रंगरावांनी जन्मात घेतला नव्हता आणि पहिल्या घोटाला त्यांचं तोंड जे वाकडं व्हायचं ते काही केल्या सरळ राहीना. रांगेत त्याचा अर्थ लावला गेला. साहेब पितात, पण तोंड वाकडं करून पितात, म्हणजे माल घेतील पण प्रत उतरवतील. शिवाय लाल दोरा कोणाच्या तरी नजरेत भरला. साहेबाला वेगळी किटली कोणाकडून येते, अशी चर्चा ग्रुपवर सुरू झाली, आणि भाऊरावांनी 'चौकशी चालू आहे' असं लिहिलं. चौकशी ते स्वतःच करत होते.

मग रंगरावांनी दुसरा उपाय केला. गोड चहा सगळ्यांसमोर हसून घ्यायचा, कापसाच्या गंजीच्या मागे जायचं आणि ओतून टाकायचा. सरकारी नोकरीत त्यांनी केलेली ही पहिली आणि शेवटची लबाडी. दोन दिवस तीही जमली. माणसं निर्धास्त झाली, रांग पुन्हा हमरस्त्याला लागली. तिसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांनी त्यांच्या हातात कागद ठेवला. 'केंद्रावरील गंजी क्रमांक चारमध्ये मुंग्या आढळून आल्या असून, सदर मुंग्या कशाच्या आकर्षणाने आल्या याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

रंगरावांनी कागद चार वेळा वाचला. सव्वीस वर्षांत त्यांच्या नावानं निघालेला तो पहिला मेमो होता आणि तो मुंग्यांवरून निघाला होता.

त्यांनी खरं काय ते लिहून दिलं. केंद्रप्रमुख वाईट माणूस नव्हता. त्यानं खुलासा वाचला, रंगरावांच्या अंगठ्यावरची पट्टी पाहिली, आणि म्हणाला की सरकारी डॉक्टरचा दाखला जोडा म्हणजे प्रकरण मिटवता येईल. म्हणून रंगराव रजा टाकून सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या कारकुनापुढे छापील अर्ज होता आणि त्यात दोनच रकाने होते: कामास योग्य, कामास अयोग्य.

"मी कामाले योग्य हावो," रंगराव म्हणाले. "फक्त चहाले अयोग्य हावो."

"चहाचा रकाना नाई," कारकून म्हणाला. "फिट लिहू का अनफिट, ते सांगा."

फिट लिहिलं तर मुंग्यांचं कारण उरत नव्हतं, अनफिट लिहिलं तर ग्रेडर उरत नव्हता. दोन फेऱ्या झाल्या, एकदा डॉक्टर शिबिराला गेलेले, एकदा शिक्का कुलपात. शेवटी एका भल्या डॉक्टरीणबाईंनी समासात हातानं लिहून दिलं: 'मधुमेह. कामास योग्य. गोड चहा वर्ज्य.' केंद्रप्रमुखांना तो दाखला इतका पसंत पडला की त्यांनी त्याची एक प्रत फाटकाजवळच्या फलकावर, हमीभावाच्या पत्रकाशेजारी लावून टाकली. लोकांचा गैरसमज दूर व्हावा, एवढाच त्यांचा हेतू होता. रंगराव दिवसभर फलकाच्या बाजूला फिरकले नाहीत. आपली साखर हमीभावाच्या शेजारी टांगलेली पाहणं त्यांना जड जात होतं.

गैरसमज मात्र दूर झाला. भाऊरावांनी दाखल्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आदेश नाही. साखर आहे.' दुसऱ्या दिवशी चहा एकही आला नाही. पहिल्या गाडीवाल्यानं पिशवीतून बाटली काढली. तीत हिरवं पाणी होतं.

"कारल्याचा रस हाये, सायेब. माह्या मामाची साखर पंधरा दिवसात गेली यानं."

दुसऱ्याकडे मेथीचं पाणी होतं. तिसऱ्याकडे जांभळाच्या बियांची पूड, चौथ्याकडे पुन्हा कारलं. घरून निघतानाच शेजारच्या झुंबरबाईंनी कडुनिंबाचा एक पेला पाजला होता तो वेगळाच. रंगराव पहिल्याला नको म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. मग त्यांना दिसलं की मागच्या बावीस गाड्यांवरची माणसं मान उंच करून आपल्याकडे पाहत आहेत. त्यांनी रस पिऊन टाकला. पाहणारे खाली बसले. रिवाज जागच्या जागी होता, फक्त पेल्यातली चीज बदलली होती.

ते असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी नऊ पेले झाले. पोटात कडूजहर भरलेलं, त्यावर भूक कुठून लागणार? जेवणाचा डबा तसाच राहिला. सकाळची गोळी मात्र त्यांनी न चुकता घेतली होती, कारण नियम पाळण्यात ते पक्के होते.

दुपारी अडीचच्या सुमारास पिंपळगाव राजाच्या तानाबाईंची गाडी लागली. पन्नाशीची, काटक बाई. नवऱ्याची कंबर धरलेली, म्हणून शेती आणि बाजार दोन्ही तीच पाहायची. तिनं चहा आणला नव्हता आणि रसही आणला नव्हता. दोन रात्री रांगेत काढून ती नुसती ट्रॉलीच्या बाजूला उभी होती. रंगरावांनी हात घातला, मूठ काढली, बट चिमटीत धरून ओढली. तंतू हातातून निसटले. पुन्हा धरले, पुन्हा निसटले. आपल्या बोटांना काही कळत नाहीये, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटला. डॉक्टर म्हणाले होते तेच झालं, त्यांना वाटलं. इतक्या लवकर.

"सायेब, तुमचा हात काऊन थरथरून राह्यला?" तानाबाईंनी विचारलं. त्या पुढे झाल्या, त्यांनी रंगरावांचं कपाळ पाहिलं, आणि दंड धरून त्यांना ट्रॉलीच्या फळीवर बसवलं. "बसा. बसा म्हनते नं मी. कलीमभाई, चहा आना. साखर डबल टाका."

"मले चालत नाई, बाई," रंगराव म्हणाले. जीभ जड झाली होती. "तिथं कागद लावला हाये."

"आता चालते. माह्या सासऱ्याले अस्संच होये. गोळी घे, अन् जेवन नाई करे. साखर खाली उतरली हाये तुमची. प्या मुकाट्यानं."

त्यांनी चहा प्यायला. पुरा प्यायला. सगळं आवार पाहत होतं, आणि भाऊरावांचा मोबाईल वर धरलेला होता. दहा-पंधरा मिनिटांनी घाम थांबला. मग त्यांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली. अंगठ्याची जखम ठणकली, आणि तो ठणका कळला याचा त्यांना एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तानाबाईंनी ते पाहून तोंड दुसरीकडे वळवलं.

आता माल पाहायचा होता. रंगराव उठले, वरचा थर बाजूला करून खोल हात घातला, आणि मूठ बाहेर यायच्या आधीच त्यांना कळलं. नियमासाठी यंत्र खुपसलं. यंत्र आणि बोटं एकच सांगत होती. चौदा.

बारा म्हणावं असं त्यांना फार वाटलं. या बाईनं आत्ता त्यांना सावरलं होतं, तिचा चहा पोटात होता, आणि चहा प्यायलेल्या गाडीला सव्वीस वर्षांत त्यांनी परत लावलं नव्हतं. यंत्राचा आकडा त्यांच्याशिवाय कोणाला दिसत नव्हता. पण ही बोटं शाबूत राहावीत म्हणून एवढा खटाटोप केला. त्याच बोटांनी आज खोटं सांगायचं, तर ती बधिर झाली काय आणि राहिली काय.

"तानाबाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू येईना म्हणून पुन्हा म्हणाले, "तानाबाई, माल ओला हाये. वाळवा लागते."

"चहा पेऊन वापस?" मागून भाऊराव म्हणाले. त्यांनी मोबाईल खाली घेतला. असा निरोप कसा लिहावा हे त्यांना सुचत नव्हतं.

तानाबाईंनी रंगरावांकडे पाहिलं. "मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "सुकेल कापूस वरतं म्याच लावला होता. पकडतीन तं पकडतीन म्हटलं." मग पदर खोचत म्हणाल्या, "तो चहा मालाचा नव्हता, सायेब. तुमचा होता."

त्यांनी ट्रॉली रिकामी केली आणि जिनिंगमागच्या मोकळ्या जागेत ताडपत्री अंथरून कापूस पसरला. दोन दिवस त्या तिथेच होत्या. कापूस हातानं उलटापालटा करत, डोक्यावर ऊन घेत. रंगराव जाता-येता त्या बाजूला पाहत आणि पाहिलं नसल्यासारखं करत. आता डबा ते वेळेवर खात होते, आणि कारल्याच्या बाटल्यांना हात जोडून नको म्हणत होते. लोक गोंधळले होते. साहेब ज्याचं काही घेत नाहीत त्याचाही माल पास होतो आणि ज्याचा चहा पितात त्याचाही परत जातो, हे कशावरून ओळखायचं ते कोणाला कळेना. कित्येकांनी कंटाळून आपापल्या ढिगातच हात घालून ओलावा पाहायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी तानाबाईंचा कापूस अकरावर आला. रंगरावांनी बट ओढली, धागा मोजला, प्रत लिहिली, चिठ्ठी फाडून दिली. त्या वजनकाट्यावर गेल्या. गाडी रिकामी होऊन फाटकाबाहेर लागली. रंगराव पुढच्या ढिगाकडे वळणार तोच त्या परत आल्या, हातात पेला.

"काय राह्यलं, बाई? चिठ्ठी झाली नं तुमची?"

"झाली. म्हनून तं आता आनला," तानाबाई म्हणाल्या. "बिनसाखरेचा हाये. कलीमभाईच्या चुलीवर म्या सोता केला."

रंगरावांनी पेला घेतला. सव्वीस वर्षांत हजारो गाड्या या फाटकातून गेल्या होत्या, आणि चिठ्ठी हातात पडल्यावर चहा घेऊन कोणी मागे फिरलं नव्हतं. त्यांनी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तोंड वाकडं झालंच. रांगेतल्या कोणी त्याचा काही अर्थ लावला नाही.

त्या दिवसापासून त्यांनी सांगून टाकलं: चहा चिठ्ठीच्या आधी घेणार नाही, नंतर कोणी आणला तर घेईन, फिका. कलीमभाईंनी ते टपरीच्या फळीवर खडूनं लिहिलं आणि महिन्याभरानं म्हणाले, "भाऊ, तुमची साखर उतरली, तिच्यासंगं माहा धंदा बी उतरला." पण किटलीचा लाल दोरा त्यांनी सोडला नाही.

हंगाम संपल्यावर कोकिळाबाईंनी रंगरावांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. या वेळी त्यांनी 'नेलं' या शब्दाला हरकत घेतली नाही. अंगठा भरून आला होता, आणि डाव्या पायाचंही त्यांनी आपणहून सांगून टाकलं. डॉक्टरांनी सुईनं दहाही बोटं तपासली. दहाही वेळा रंगराव "हाव" म्हणाले. नवा रिपोर्ट पाहून डॉक्टर खुर्चीत मागे टेकले.

"लय चांगलं केलं. आता चहा किती होतात?"

"अकरा."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "दिवसाले?"

"नाई," रंगराव म्हणाले. "हंगामात."

डॉक्टर मोकळं हसले आणि ते कागदावर लिहून घेतलं. रंगराव हसले नाहीत. अकरा आकडा लहान आहे हे त्यांना कळत होतं, आणि त्याचं थोडं वाईटही वाटत होतं. पण त्या अकराही जणांची नावं त्यांना गावासकट पाठ होती. डॉक्टरांनी विचारलं असतं तर त्यांनी तानाबाईंपासून सुरुवात करून सांगितली असती.